चुलीवर टांगलेलं गाठोडं

गेल्या वैशाखात मी पुण्याहून निघाले, तेव्हा माझ्या पिशवीत एक नवी उशी, औषधांचा डबा आणि नाशिक-पुणे गाडीचं आठवड्यानंतरचं परतीचं आरक्षण होतं. दोन जागांचं. एक माझी आणि एक अण्णाची. "अण्णाला विचारलंस का?" असं आमच्या ह्यांनी दारातच विचारलं. विचारायचं काय त्यात? विचारून विचारून बारा वर्षं गेली होती. आता विचारायला नाही, त्याला आणायलाच निघाले होते.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, वय वर्षं बासष्ट. पंप बनवणाऱ्या एका कंपनीत सत्तावीस वर्षं नोकरी केली. शेवटी केबिन, गाडी, ड्रायव्हर असा सगळा थाट होता. आणि एक दिवस राजीनामा देऊन हा पठ्ठ्या मोखाड्याच्या डोंगरात कुडाचं घर (कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपून केलेलं) बांधून राहायला गेला. वीज नको, नळ नको, स्वतः पिकवीन ते खाईन म्हणे. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे अडवायला मी एकटीच. मी भांडले, रडले, सहा महिने अबोला धरला. त्याने तिकडून पोस्टकार्ड पाठवलं, की अबोला धरायचा तर निदान पत्राने तरी धर. अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं?

पण त्याआधीच्या फाल्गुनात त्याला न्यूमोनिया झाला. पाड्यातल्या (डोंगरातली छोटी वस्ती) लोकांनी त्याला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं आणि तिथून जीपने जव्हारच्या दवाखान्यात नेलं. मला हे कळलं ते तो बरा होऊन घरी पोचल्यावर. त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी उठून आमची मागची खोली रंगवायला काढली. फिकट पिवळा रंग, कारण त्याला तो आवडतो. खिडकीशी पलंग टाकला, बाहेर चार कुंड्या ठेवल्या. शेतीची हौस असेल तर इथे भागव म्हणावं.

नाशिकहून सकाळची एसटी धरली. त्र्यंबक मागे पडलं आणि डोंगर उघडे व्हायला लागले. वैशाखात हा मुलूख अगदी भुंडा दिसतो. लाल माती, पिवळं पडलेलं गवत, मधूनच एखादं हिरवंगार आंब्याचं झाड आणि त्याच्या सावलीत उभी असलेली गुरं. पाऊस इथे इतका कोसळतो की दरीतलं झाड दिसत नाही, आणि आता त्याच डोंगरातून बायका हंड्यावर हंडा ठेवून चालल्या होत्या. मी खिडकीशी बसून मनातल्या मनात भाषणाची तयारी करत होते. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, मुद्देसूद बोलायची सवय आहे. मुद्दा पहिला, वय. मुद्दा दुसरा, फुप्फुसं. मुद्दा तिसरा, मला आता दुसरं कोणी माहेरचं उरलेलं नाही. हा तिसरा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

मोखाड्याला उतरले, स्टँडसमोर चहा घेतला. तिथून पोशेऱ्याच्या बाजूला जाणारी जीप. दहा माणसांच्या जीपमध्ये सोळावी मी. ड्रायव्हरने विचारलं, कोणाकडे? मी अण्णाचं पूर्ण नाव सांगितलं, तर कोणालाच कळेना. मग मागून एक जण म्हणाला, "अरे सायबाची बहीन हाय ती." झालं, सगळ्या जीपला माझी ओळख पटली. बारा वर्षांपूर्वी हा इस्त्रीची पँट घालून आला म्हणून नाव पडलं सायब, आणि आता गुडघ्यावर धोतर नेसून चिखलात उभा राहिला तरी नाव तेच. माझ्या शेजारचा तरुण भिवंडीला गोदामात कामाला होता, लग्नासाठी गावी चालला होता. त्याने मला धीर दिला, "टेन्शन नको घेऊ मावशी, सायब एकदम फिट आहे." फिट! झोळीतून नेलेला माणूस फिट!

रस्ता संपतो तिथून अर्धा तास पायवाट. पिशवी एका मुलीने आपणहून डोक्यावर घेतली आणि माझ्यापुढे तुरुतुरु निघाली. करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर लगडल्या होत्या. मी दोन तोंडात टाकली आणि क्षणभर विसरूनच गेले की मी भांडायला आले आहे. वळणावर एक जळलेला काळा तुकडा दिसला, चांगला दोन खोल्यांएवढा. मला वाटलं वणवा लागला असेल. सरळ त्यावरून चालत गेले आणि चपला काळ्या करून घेतल्या.

अण्णा अंगणात बाजेवर बसला होता. मी ओळखलंच नाही आधी. गालफडं बसलेली, मनगटं काडीसारखी. मला बघून उठायला गेला आणि परत बसला. बस, माझं मुद्देसूद भाषण तिथेच संपलं. मी चपलाही न काढता त्याच्यावर ओरडले, तोही ऐकून घेत हसत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सुलू, हातपाय धू आधी. पाणी रांजणात आहे."

घर मात्र देखणं, हे मला कबूल केलं पाहिजे. दोन खोल्या, वर कौलं, शेणाने सारवलेली थंडगार जमीन. उन्हाळ्यातसुद्धा आत शिरलं की डोळ्यांवर हात ठेवल्यासारखं वाटतं. पाड्यात बाकीच्या घरांत वीज आलीये, ह्याने घेतलेली नाही. उन्हावर चालणारा एक कंदील, तेवढाच उजेड. स्वयंपाकघरात चूल, आणि चुलीच्या बरोबर वर, आढ्याला टांगलेलं एक काळंकुट्ट गाठोडं. धुराने इतकं माखलेलं की कापड मूळचं कुठल्या रंगाचं ते देवाला ठाऊक. मला त्या गाठोड्याची पहिल्याच दिवशी शिसारी आली. अण्णाला म्हटलं, काय ही अवकळा! तो झोपेत "हं" म्हणाला.

शेजारी बुधीबाय राहते. माझ्याच वयाची, जन्म बुधवारचा म्हणून बुधी. अण्णाच्या आजारपणात तिने आणि तिच्या मुलाने सगळं केलं. पहिल्या दिवशी ती नागलीच्या (आपण नाचणी म्हणतो) भाकऱ्या आणि उडदाची घट्ट आमटी घेऊन आली, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. इथे सगळेच सगळ्यांना अरेतुरे करतात. अण्णालाही आणि मलाही. "तू मास्तरीन ना? मंग भाकर मोडून खा, काप कशाला करतीस?" असं तिने मला पहिल्याच घासाला सुनावलं. एकतीस वर्षांत मला वर्गात कोणी असं बोललं नव्हतं. का कोण जाणे, राग आला नाही.

दुपारी अण्णा आणि मी अंगणातल्या आंब्याखाली पडून राहायचो. बोलणं सगळं जुनं. वाईचं आमचं भाड्याचं घर, नदीवर धुणं घेऊन जाणारी आई, वडिलांचं ते मनगटी घड्याळ. घड्याळाचा विषय निघाला आणि मी कूस बदलली. मी सात वर्षांची असताना ते घड्याळ पाण्यातसुद्धा टिकटिक करतं का हे बघायला बादलीत बुडवलं होतं. विज्ञानाची आवड ती तेव्हापासूनची. वडिलांनी विचारलं, कोणी केलं? अण्णा पुढे झाला आणि म्हणाला, मी. फूटपट्टीने त्याच्या तळव्यांवर वळ उठले. मी दाराआड उभी होते, आणि मी काही बोलले नाही. तेव्हाही नाही आणि पुढे वडील गेले तोवरही नाही.

तिसऱ्या दिवशी मी विषय काढलाच. खोली रंगवली, पलंग टाकला, आरक्षण झालंय, सगळं सांगितलं. अण्णा नाही म्हणाला नाही. त्याची ती सवयच नाही. म्हणाला, मिरग (मृग नक्षत्र, पेरणीची वेळ) होऊन जाऊ दे, मग बघू. नंतर म्हणेल लावणी होऊ दे, मग कापणी होऊ दे. मी बारा वर्षं हे पंचांग ऐकतेय. तुझं शेत महत्त्वाचं का तुझी फुप्फुसं, असं मी विचारलं. त्यावर तो त्या काळ्या तुकड्याकडे बोट दाखवून म्हणाला, तो राब आहे. पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जमीन भाजून ठेवतात, त्यात रोपं करायची. पहिल्या वर्षी पुस्तकं वाचून मी राब भाजायला नकार दिला होता, माझी रोपं विरळ आली, तण मात्र दाट आलं. यंदा मी दवाखान्यात असताना ह्या लोकांनी फांद्या वाहून माझा राब भाजून ठेवला. आता मी कुठे जाऊ? मी म्हटलं, ते तुझं तू ठरव, पण मंगळवारची गाडी आहे.

चौथ्या दिवशी त्याला तपासायला जव्हारला नेलं. उंच पठारावरचं गाव, सकाळी हवा छान. डेपोसमोरच्या रस्त्यावर बाजार भरला होता. टोपल्या, सुकट, मोहाची वाळलेली फुलं, प्लास्टिकच्या बादल्या, सगळं एकाच ओळीत. दवाखान्यात बराच वेळ बसलो. डॉक्टर तरुण मुलगी होती. छाती साफ आहे म्हणाली, अशक्तपणा आहे, काहीतरी पौष्टिक द्या. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नाचणीचं सत्त्व! आम्ही लहानपणी आजारी पडलो की आई तेच करायची. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून दुधात शिजवायची. तळाशी राहिलेली खरवड कोणी चाटायची यावर आमची मारामारी व्हायची, आणि दर वेळी अण्णा भांडं माझ्याकडे सरकवायचा. परत येताना बसमध्ये मी त्याला काही बोलले नाही. मला त्याला चकित करायचं होतं.

संध्याकाळी त्याचा डोळा लागल्यावर नाचणी शोधली. पत्र्याच्या डब्यात होती, पण तिला कीड लागलेली. मग नजर वर गेली. स्टुलावर चढून ते काळं गाठोडं काढलं आणि सोडलं. आत काय दाणा होता म्हणून सांगू! टपोरा, विटकरी, एकसारखा, एक खडा नाही, एक फोल नाही. मनात म्हटलं, बघा बायकोशिवायचा संसार, चांगलं धान्य धुरात टांगून ठेवतो आणि किडकं खातो. सगळी नागली भिजत घातली. आणि ते कापड साबण लावून दगडावर आपटून धुतलं. तीन पाण्यांनंतर कळलं की ते मूळचं पांढरं होतं, आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, कडेला हिरवी रेघ. मी ते उराशी धरून थोडं रडले आणि वाळत घातलं.

उन्हाळ्यात मोड झपाट्याने येतात. सहाव्या दिवशी सकाळी फडकं उघडलं, तर काय सांगू, एकही दाणा वांझ नव्हता. सगळ्यांना पांढरेशुभ्र कोंब. मूलांकुर, प्रांकुर, फळ्यावर हजारदा काढलेली आकृती, पण इतकं भरघोस मी वर्गात कधी उगवून दाखवलं नव्हतं. मी ताट घेऊन नाचतच अंगणात गेले आणि अण्णाच्या समोर ठेवलं.

अण्णाने ताटाकडे पाहिलं. मग दोरीवरच राहिलेल्या पांढऱ्या कापडाकडे पाहिलं. मग उठून आत गेला आणि चुलीच्या वर पाहून परत आला. बाजेवर बसला आणि एक कोंब बोटाने उचलून म्हणाला, "छान आलेत गं."

तेव्हा मला कळलं. बियाणं. चुलीच्या धुरात ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. विज्ञानाची बाई मी, 'बीज अंकुरण' हा धडा एकतीस वेळा शिकवलेली, आणि भावाचं वर्षाचं बी वैशाखात उगवून बसले होते. पाऊस महिनाभर लांब. मी म्हटलं, विकत मिळेल ना? तो म्हणाला, दुकानात दुसरं मिळतं, हे नाही. हे ह्या डोंगरावरचं आहे, उशिरा पिकणारं, वाऱ्यात न पडणारं. मग थोड्या वेळाने अगदी सहज म्हणाला, "जाऊ दे. बी नाही तर यंदा शेत नाही. येतो मी तुझ्याबरोबर. मंगळवारची गाडी ना?"

बारा वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते असं ऐकायला मिळालं. मला आनंद झाला हे लपवत नाही. चुकलं माझं, पण देवानेच चुकवलं असेल, असंही मनाला सांगितलं. मी लगेच भांडी आवरायला घेतली. त्याच्या कपड्यांची घडी करताना हात भराभर चालत होते. एकदाच बाहेर डोकावले, तर तो राबाच्या कडेला उकिडवा बसून काळी माती मुठीत घेऊन सोडत होता. मी परत आत आले.

दुपारी पाण्याला झऱ्यावर गेले. पायवाट बुधीबायच्या कुडाला लागूनच जाते. आतून अण्णाचा आवाज आला म्हणून थांबले. तो बुधीबायला सांगत होता की बी गेलं, उंदरांनी खाल्लं, आता यंदा पुण्याला जातो, राबात तुम्ही तुमची रोपं करा. उंदरांनी! बासष्ट वर्षांचा माणूस, अंगात उभं राहायची ताकद नाही, आणि परत माझ्यासाठी हात पुढे करून उभा. मी कळशी तिथेच ठेवली. त्या दाराआड मी पुन्हा सात वर्षांची झाले, आणि या वेळी मला ते सोसलं नाही.

मी सरळ आत गेले आणि म्हणाले, उंदरांनी नाही, मी. मी भिजवलं.

बुधीबायने तांदूळ निवडायचं थांबवलंही नाही. "ठावं हाय," ती म्हणाली. "उंदीर गाठ सोडून नाय खात. आनि खाऊन फडकं धूत नाय." अण्णा खाली बघून हसायला लागला आणि खोकला. मग बुधीबायने मला या पाड्याची रीत सांगितली. प्रत्येक घराचं बी दुसऱ्या चार घरांत असतं. सुगी झाली की मूठमूठ अदलाबदल करतात, म्हणजे एकाचं जळलं, बुडलं, तर दुसऱ्याकडे सापडतं. पण ते आपणहून कोणी आणून देत नाही. ज्याच्या हातून बी मोडलं, त्यानेच दारोदार जाऊन मागायचं, काय झालं ते खरं सांगायचं. रिकाम्या हाताने जायचं नाही, चिमूट मीठ न्यायचं. आणि देणाऱ्याने मोजायचं नाही, मुठीत येईल तेवढं द्यायचं.

"सायब मागाया नाय जायाचा," बुधीबाय म्हणाली, "त्याच्या हातानं मोडलंच नाय. तू जाशील तं बी हाय. नाय जाशील तं भावाला घेऊन जा. तुझा भाऊ हाय, आमी काय अडवनार?"

अण्णा म्हणाला, सुलू, काही नको, कशाला दारोदार. आणि मी बघत होते त्याच्या हातांकडे. त्या हातांना काळी माती लागली होती. पुण्याच्या पिवळ्या खोलीत हे हात काय करतील? टीव्हीचा रिमोट धरतील, कुंड्यांना पाणी घालतील, माझ्या घरातल्या वेळेवर जेवतील. छाती साफ राहील. बाकी काय राहील ते मला माहीत नव्हतं. मला भाऊ जवळ हवा होता हो, दुसरं काही नको होतं. पण हा असा, माझ्या चुकीवर चढून, नको होता.

मी उठले, मिठाचा डबा घेतला, आणि ते धुतलेलं फडकं खांद्यावर टाकलं.

अकरा घरं होती. पहिल्या दारात मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. मी मीठ पुढे केलं आणि एका दमात म्हणाले, मी सायबाची बहीण, मी त्याचं बी भिजवून मोड आणले, सत्त्व करायला. घरातली म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने आत हाक मारून सगळ्यांना बोलावलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. सगळे पोट धरून हसले. मग तिने चुलीवरचं गाठोडं सोडलं, मूठ भरली आणि माझ्या फडक्यात टाकली. पाचव्या घरापर्यंत बातमी माझ्या पुढे पोचली होती. लोक दारातच उभे. मोड सगळ्याला आले का गं? हो, सगळ्याला. मंग बी चांगलं व्हतं! एका घरातल्या सुनेने सत्त्व कसं करतात ते विचारून घेतलं, तिचं बाळ अशक्त होतं. मी अर्धे मोड तिला देऊन टाकले, उरलेल्यांचं सत्त्व मी निघेपर्यंत अण्णाला दिलं. शेवटच्या घरी मीठ संपलं, तर तिथल्या आजोबांनी आपल्याच घरचं मीठ माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, आता दे. मी दिलं. त्यांनी मूठ भरून नागली दिली.

परत येऊन बुधीबायने सगळं एकत्र केलं, राख चोळली, गाठ मारली. स्टुलावर मीच चढले आणि टांगलं. पांढरंशुभ्र गाठोडं त्या काळ्या आढ्यात अगदी परकं दिसत होतं. बुधीबाय म्हणाली, काळं व्हईल पावसापतूर. अण्णा चुलीशी बसून लाकडं सारत होता, धुराने डोळ्यांना पाणी आलं म्हणत होता. मीही तेच म्हटलं.

मी अटी घातल्या, नाही असं नाही. बुधीबायचा मुलगा रोज निजायला येईल. दर रविवारी, जिथे फोन लागतो त्या खडकावर जाऊन अण्णा मला फोन करेल. लावणीत तो चिखलात उतरणार नाही, बांधावर बसून नुसता आरडाओरडा करेल. सगळ्याला त्याने मान डोलावली. मला त्यातली निम्मी खोटी आहे हे कळत होतं.

मंगळवारी जव्हारला आलो, तो मला सोडायला. आधी वाकडी वाट करून जामसरला गेलो, कारण बुधीबायची लेक तिथे दिलीये. मुलगी सासरी जाताना आईचं बी पदरात नेते, म्हणून तिच्याकडची एक मूठ मागायची राहिली होती. तिच्या घरापुढे भाताची खाचरं उन्हाने भेगाळून पडली होती. तिला फोनवरून सगळं कळलेलं, त्यामुळे मी मीठ काढायच्या आतच तिला हसू फुटलं. तिने एक मूठ अण्णासाठी दिली, आणि दुसरी बांधून माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, मला कशाला? ती म्हणाली, तू मागितलंस ना, मग सायबाचं बी आता तुझ्या घरी पण पायजे. आईनं सांगितलंय.

जव्हारच्या डेपोत गाडीला अवकाश होता. आम्ही बाकावर भुईमुगाच्या शेंगा खात बसलो. पन्नास वर्षं जे पोटात होतं ते मी तिथे बोलले.

"अण्णा, घड्याळाचं बाबांना सांगायचं राहिलं रे."

"बाबांना माहीत होतं."

"माहीत होतं? मग तुला का मारलं?"

"खोटं बोललो म्हणून," अण्णा म्हणाला आणि शेंगेचं टरफल झटकत उठला. "चल, गाडी लागली."

नाशिकहून पुण्याच्या गाडीत माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी होती. कंडक्टरने विचारलं, दुसरं तिकीट कोणाचं? मी म्हटलं, भावाचं, तो येणार नाही. मग मांडीवरची पुरचुंडी त्या जागेवर ठेवली. घरी दारात ह्यांनी माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं, आणि काही न विचारता पिशवी घेतली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली की माणसाला एवढं कळतं.

पुढे बी रुजलं, लावणी झाली, अण्णा चिखलात उतरला आणि मला कळू नये म्हणून सगळ्या पाड्याला तंबी दिली, ते बुधीबायनेच मला खडकावरून सांगितलं. माझ्या घरी चूल नाही, धूर नाही. मी नागलीला राख चोळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवली. वर्ष झालं की ती बदलायची असते, नाहीतर बी मरतं. म्हणून यंदाच्या वैशाखात मी बरणी घेऊन जाऊन आले आणि ताजी मूठ घेऊन आले. या वेळी आरक्षण एकाच जागेचं होतं.

मागच्या खोलीला आम्ही अजून अण्णाची खोलीच म्हणतो. भिंती पिवळ्या आहेत, पलंग खिडकीशी आहे, नवी उशी कोरी आहे. तिथे सध्या मूठभर नागली राहते.